एमडीएनएस गेटवे

एमडीएनएस गेटवे ही लेअर-३ स्विच, राउटर किंवा वायरलेस कंट्रोलर यांमधील एक सुविधा होय. प्रिंटर, प्रक्षेपण पडदे, स्पीकर यांसारखी उपकरणे आपल्या व्हीलॅनमध्ये स्वतःच्या सेवांची जी घोषणा करतात, ती दुसऱ्या व्हीलॅनमधील संगणकांना व मोबाइल संचांना कळावी यासाठी ही सुविधा वापरली जाते. ती नसेल तर दोन्ही उपकरणे एकाच स्विचला जोडलेली असली, तरी ती परस्परांना दिसत नाहीत. शिक्षकाच्या टॅब्लेटवर वर्गातील पडद्याचे नाव न उमटणे किंवा कार्यालयात वाय-फाय वापरणाऱ्यास प्रिंटरची यादी रिकामी दिसणे, ही या अडचणीची नेहमीची रूपे आहेत. नेटवर्कमध्ये बहुधा कोणताही बिघाड नसतो. सेवाशोधाची पद्धत आणि व्हीलॅनची विभागणी या दोन्ही गोष्टी आपापल्या नियमांप्रमाणेच चाललेल्या असतात.

पार्श्वभूमी

ॲपल कंपनीच्या जुन्या ॲपलटॉक प्रणालीत वापरकर्त्याला पत्ते किंवा क्रमांक भरावे लागत नसत. यंत्र जोडले की त्याचे नाव यादीत दिसे. ही प्रणाली नेटवर्कचे ‘झोन’ पाडत असे आणि राउटरच्या पलीकडील झोनमधील प्रिंटरही त्यात दिसू शके. पुढे सर्वत्र आयपी रूढ झाल्यावर ही सोय आयपीवर कशी आणावी, हा प्रश्न उभा राहिला. त्या कामात ॲपलमधील स्टुअर्ट चेशायर यांचा मोठा वाटा होता. २००२ मध्ये मॅक ओएस एक्स १०.२ या आवृत्तीबरोबर ‘राँदेव्हू’ या नावाने ही नवी पद्धत आली व २००५ मध्ये तिचे नाव ‘बॉन्जूर’ असे बदलण्यात आले. लिनक्सवर ‘अवाही’ ही मुक्त प्रणाली तेच काम करते.

या पद्धतीचे दोन भाग आहेत. एमडीएनएस म्हणजे मध्यवर्ती सर्व्हर नसताना डीएनएसच्याच स्वरूपाचे संदेश मल्टिकास्टने पाठवण्याची रीत, आणि डीएनएस-एसडी म्हणजे सेवांची नावे त्या नोंदींमध्ये मांडण्याची रीत. दोन्हींची प्रमाणके फेब्रुवारी २०१३ मध्ये अनुक्रमे आरएफसी ६७६२ व आरएफसी ६७६३ म्हणून प्रसिद्ध झाली; चेशायर आणि मार्क क्रोचमल हे त्यांचे लेखक. तोवर ही पद्धत प्रत्यक्ष वापरात येऊन दहा वर्षे उलटली होती.

ही रचना मुख्यतः घर आणि लहान कार्यालय डोळ्यांसमोर ठेवून झालेली होती. २०१० नंतर आयपॅड, एअरप्ले व एअरप्रिंट विद्यापीठांच्या आवारात शिरले, तेव्हा तिच्या मर्यादा उघड झाल्या. हजारो विद्यार्थ्यांचे वाय-फाय एका व्हीलॅनमध्ये, वर्गांतील उपकरणे दुसऱ्यात, प्रिंटर तिसऱ्यात अशी तेथील विभागणी असे. जुलै २०१२ मध्ये एज्युकॉज या संस्थेशी संलग्न असलेल्या, उच्च शिक्षणसंस्थांमधील वायरलेस नेटवर्क व्यवस्थापकांच्या गटाने ॲपलकडे जाहीर विनंती-अर्ज केला. आपली उपकरणे मोठ्या, अनेक उपजाले असलेल्या नेटवर्कमध्ये नीट चालावीत, अशी त्यांची मागणी होती. सिस्को, अरुबा, एरोहाइव्ह आदी उत्पादकांनी याच सुमारास आपापल्या उपकरणांत गेटवेची सोय दिली. प्रमाणके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत डीएनएस-एसडीच्या विस्तारासाठी २०१३ मध्ये स्वतंत्र कार्यगट स्थापन झाला. या गटाच्या गरजांची मांडणी करणाऱ्या आरएफसी ७५५८ या दस्तऐवजात वरील विनंती-अर्जाचा उल्लेख आहे.

शोधाचा क्रम

एखाद्या संगणकावर छपाईची खिडकी उघडली की तो यूडीपी पोर्ट ५३५३ वरून २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट पत्त्यावर एक विचारणा पाठवतो. आयपीव्ही६ मध्ये हाच पत्ता एफएफ०२::एफबी असा असतो. विचारणेचा आशय ‘_आयपीपी._टीसीपी.लोकल या प्रकारची सेवा कोणाकडे आहे?’ असा असतो. (प्रत्यक्ष संदेशात ही नावे रोमन लिपीत असतात.) प्रिंटर उत्तरादाखल पीटीआर नोंदीतून आपले नाव, एसआरव्ही नोंदीतून यजमानाचे नाव व पोर्ट, टीएक्सटी नोंदीतून रंगीत छपाई, कागदाचा आकार यांसारखी माहिती आणि ए किंवा एएएए नोंदीतून आयपी पत्ता कळवतो. सामायिक नोंदींची उत्तरे एकाच क्षणी येऊन आदळू नयेत म्हणून प्रत्येक उपकरण २० ते १२० मिलिसेकंदांचा यादृच्छिक विलंब करून उत्तर देते.

प्रत्येक नोंदीला आयुर्मान असते. ज्या नोंदींत यजमानाचे नाव येते, त्यांच्यासाठी शिफारस १२० सेकंदांची आहे, इतरांसाठी ७५ मिनिटांची. आयुर्मानाचा ८० टक्के काळ लोटल्यावर, नोंद अजून हवी असल्यास, विचारणारे यंत्र पुन्हा चौकशी करते. व्यवस्थित बंद होणारे उपकरण शून्य आयुर्मानाची नोंद पाठवून निरोप घेते; वीज अचानक गेल्यास निरोप दिला जात नाही आणि बंद उपकरणाचे नाव काही काळ यादीत रेंगाळते. गेटवेच्या वर्तनातील बऱ्याचशा गूढ वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा या आकड्यांत होतो.

संदेश व्हीलॅनबाहेर का जात नाही

आयईईई ८०२.१क्यू प्रमाणकानुसार इथरनेट चौकटीत चार बाइटांची खूण घालून एकाच स्विचवर अनेक स्वतंत्र नेटवर्क चालवता येतात. व्हीलॅनच्या क्रमांकाला १२ बिट दिलेले असल्याने ४०९४ व्हीलॅन शक्य होतात. एका व्हीलॅनमधील ब्रॉडकास्ट व मल्टिकास्ट चौकट दुसऱ्यात जात नाही. व्हीलॅन पाडण्याचा हेतूच तो असतो.

दोन व्हीलॅनमधील सर्वसाधारण आयपी वाहतूक लेअर-३ स्विच राउटरप्रमाणे पुढे नेतो. एमडीएनएसचा संदेश मात्र तो नेत नाही. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पत्त्यांचा गट स्थानिक दुव्यापुरता राखून ठेवलेला आहे आणि पॅकेटवरील टीटीएलचा आकडा काहीही असला, तरी राउटरने त्यातील पॅकेट पुढे पाठवू नये, असा नियम आहे. त्यामुळे स्विचवर मल्टिकास्ट राउटिंग, म्हणजे पीआयएम, सुरू केल्याने हा प्रश्न सुटत नाही. नवखे व्यवस्थापक अनेकदा या वाटेने जातात आणि तासन्‌तास व्यर्थ घालवतात.

येथे डीएचसीपीशी केलेली तुलना उपयोगी पडते. डीएचसीपीची विचारणाही ब्रॉडकास्टने होते, पण तिच्या रचनेतच मध्यस्थासाठी जागा ठेवलेली आहे. रिले करणारा स्विच आपला पत्ता संदेशातील ठरावीक रकान्यात भरतो व तो संदेश थेट सर्व्हरकडे पाठवतो. एमडीएनएसमध्ये असा रकाना नाही आणि सर्व्हरही नाही. शिवाय स्थानिक दुव्यावरून न आलेले उत्तर स्वीकारू नये, असे बंधन आरएफसी ६७६२ मध्ये आहे. म्हणून मध्यस्थाला पॅकेट जसेच्या तसे पुढे ढकलून भागत नाही. लक्ष्य व्हीलॅनमधील स्वतःच्या पत्त्यावरून ते नव्याने पाठवावे लागते. याचाच अर्थ असा, की त्या प्रत्येक व्हीलॅनमध्ये मध्यस्थाचा आयपी पत्ता असला पाहिजे. केवळ लेअर-२ वर काम करणारा साधा स्विच हे काम करू शकत नाही.

पुनर्प्रसारणाच्या पद्धती

सर्वांत सोपी पद्धत परावर्तनाची आहे. परावर्तक एका व्हीलॅनमध्ये ऐकलेला प्रत्येक संदेश इतर सर्व व्हीलॅनमध्ये पुन्हा उच्चारतो. अवाहीच्या मांडणीत ‘एनेबल-रिफ्लेक्टर’ या एका ओळीने ही सोय सुरू होते आणि घरगुती राउटरमधील ‘एमडीएनएस’ असे नाव असलेली कळ बहुधा हेच काम करते. दोन-तीन व्हीलॅनच्या घरात ते पुरेसे असते. मोठ्या नेटवर्कमध्ये मात्र प्रत्येक संदेश उरलेल्या सर्व व्हीलॅनमध्ये उमटतो आणि वाहतूक झपाट्याने वाढते. वाय-फायवर तर ती विशेष महाग पडते. तेथे मल्टिकास्ट चौकटी सामान्यतः सर्वांत कमी मूलभूत वेगाने पाठवल्या जातात, जेणेकरून दूरच्या उपकरणालाही त्या ऐकू याव्यात. तेवढा वेळ ती वाहिनी इतरांसाठी अडलेली राहते.

परावर्तनातला सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. त्याच दोन व्हीलॅनमध्ये दोन परावर्तक बसवले, तर पहिल्याने पलीकडे टाकलेला संदेश दुसरा ऐकतो व अलीकडे परत आणतो, तो पहिला पुन्हा ऐकतो, आणि चक्र सुरू होते. स्विचवरची सोय चालू असताना कोणीतरी फायरवॉलवरही ‘खबरदारी म्हणून’ तीच सोय सुरू केल्यास नेमके हेच घडते.

दुसरी पद्धत नोंदींचा साठा ठेवणाऱ्या गेटवेची. गेटवे घोषणा ऐकून नोंदी आपल्या स्मृतीत ठेवतो आणि दुसऱ्या व्हीलॅनमधून विचारणा आली की मूळ उपकरणाला न उठवता स्वतःच उत्तर देतो. कोणत्या सेवा शिकायच्या व कोणत्या सांगायच्या, हे ठरवण्यासाठी त्यात चाळण्या असतात. सिस्कोचा ‘सर्व्हिस डिस्कव्हरी गेटवे’ आणि अरुबाचे ‘एअरग्रुप’ या वर्गात मोडतात. संस्थात्मक नेटवर्कमध्ये हीच पद्धत योग्य ठरते.

स्विचवरील मांडणी

महाविद्यालयाचे एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. व्हीलॅन १० शिक्षकांचा, व्हीलॅन २० विद्यार्थ्यांचा आणि व्हीलॅन ३० प्रिंटर व वर्गातील पडद्यांचा आहे. शिक्षकांना दोन्ही सेवा दिसाव्यात, विद्यार्थ्यांना केवळ प्रिंटर दिसावेत आणि कोणाच्याही वैयक्तिक उपकरणाची घोषणा दुसरीकडे जाऊ नये, अशी अपेक्षा आहे.

प्रथम तिन्ही व्हीलॅनसाठी स्विचवर आभासी लेअर-३ इंटरफेस व त्यांचे आयपी पत्ते असावे लागतात आणि ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या ट्रंक पोर्टवर संबंधित व्हीलॅनना परवानगी असावी लागते. त्यानंतर सेवायाद्या तयार केल्या जातात. सिस्कोच्या आज्ञाप्रणालीत ‘सर्व्हिस-लिस्ट एमडीएनएस-एसडी’ या आज्ञेने यादीला नाव, परवानगी किंवा मनाई आणि क्रमांक दिला जातो. तिच्याखाली सेवेचा प्रकार व संदेशाचा प्रकार, म्हणजे विचारणा की घोषणा, हे जुळवण्याच्या अटी लिहिल्या जातात. यादी क्रमांकानुसार वाचली जाते आणि जे कशातच बसत नाही, ते शेवटी नाकारले जाते. मग ‘सर्व्हिस-राउटिंग एमडीएनएस-एसडी’ ही आज्ञा संपूर्ण स्विचसाठी व प्रत्येक इंटरफेससाठी देऊन त्या याद्या आत येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या दिशेला लावल्या जातात.

दिशेचा अर्थ येथे नीट समजून घ्यावा लागतो. ‘आत’ची चाळणी गेटवेने काय शिकावे हे ठरवते आणि ‘बाहेर’ची चाळणी त्याने त्या व्हीलॅनला काय सांगावे हे ठरवते. वरील उदाहरणात व्हीलॅन ३० वर आतल्या दिशेने छपाई व एअरप्लेच्या घोषणा स्वीकारायच्या. व्हीलॅन १० व २० वरून आत केवळ विचारणा घ्यायच्या, घोषणा नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्यांचे लॅपटॉप गेटवेच्या साठ्यात शिरतच नाहीत. व्हीलॅन १० कडे बाहेर दोन्ही सेवा आणि व्हीलॅन २० कडे केवळ छपाई. एवढ्यावर अपेक्षा पूर्ण होते.

सेवेचे प्रकार लिहिताना एक प्रकार पुरेल असे गृहीत धरणे चुकीचे ठरते. प्रिंटर ‘_आयपीपी’, ‘_आयपीपीएस’, ‘_प्रिंटर’ व ‘_पीडीएल-डेटास्ट्रीम’ अशी अनेक नावे घेतो. एअरप्लेसाठी ‘_एअरप्ले’ बरोबर ध्वनीसाठीचे ‘_आरएओपी’ लागते. क्रोमकास्ट ‘_गूगलकास्ट’ हे नाव वापरते. यांतील एखादे विसरल्यास चित्र दिसते पण आवाज मिळत नाही, किंवा एका कार्यप्रणालीवर प्रिंटर दिसतो व दुसरीवर नाही, अशा अर्धवट तक्रारी येतात.

गेटवेने केवळ घोषणांची वाट पाहिली, तर शांत बसलेल्या उपकरणांच्या नोंदी आयुर्मान संपून गळून पडतात. म्हणून ठरावीक काळाने गेटवेनेच विचारणा करावी, अशी तजवीज असते. हा काळ फार कमी ठेवल्यास स्विचच्या मुख्य प्रक्रियकावर भार येतो. साधी वाहतूक स्विचमधील विशेष चिपच हाताळतात, पण एमडीएनएसची पॅकेटे प्रक्रियकाकडे वर पाठवली जातात, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. सर्व घोषणा पलीकडे पुन्हा प्रसारित करण्याचा पर्यायही सिस्कोमध्ये आहे. विचारणेला उत्तर देऊन काम भागत असेल, तर तो बंदच ठेवणे बरे.

शोध व जोडणी यांतील फरक

गेटवे उपकरणाचे नाव व पत्ता कळवतो. पुढची जोडणी त्याच्यामधून जात नाही. संगणक मिळालेल्या आयपी पत्त्यावर सरळ संपर्क करतो आणि ती वाहतूक नेहमीच्या राउटिंगने व प्रवेशसूचीच्या नियमांनुसार होते. आयपीपी छपाईसाठी टीसीपी पोर्ट ६३१, थेट छपाईसाठी ९१००, क्रोमकास्टच्या नियंत्रणासाठी ८००९ हे मार्ग मोकळे नसतील, तर प्रिंटर किंवा पडदा यादीत दिसतो, पण निवडल्यावर ‘उपकरण उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. काही उपकरणे आपल्याच उपजालाबाहेरून आलेली जोडणी मुळात नाकारतात. त्यांच्यापुढे गेटवेचा इलाज चालत नाही.

यापेक्षा सूक्ष्म दोष पत्त्यांच्या नोंदींत असतो. उपकरण आपल्या एएएए नोंदींत एफई८० ने सुरू होणारा स्थानिक दुव्याचा पत्ताही कळवू शकते. १६९.२५४ या मालिकेतील आयपीव्ही४ पत्त्यांचेही तसेच. हे पत्ते पलीकडच्या व्हीलॅनमध्ये निरर्थक असतात. साधा परावर्तक ते बिनदिक्कत पुढे पाठवतो, पलीकडचे यंत्र प्रथम त्याच पत्त्यावर संपर्काचा प्रयत्न करते आणि वापरकर्त्याला जोडणीस विलंब होतो किंवा ती होतच नाही. चांगला गेटवे अशा नोंदी गाळतो.

सुरक्षितता आणि खाजगीपणा

एमडीएनएसमध्ये उत्तर देणाऱ्याची ओळख पडताळली जात नाही. कोणतेही यंत्र ‘मीच तो प्रिंटर’ असे सांगू शकते. एकाच व्हीलॅनपुरते हे चालून जाते, कारण तेथील उपकरणांवर काही प्रमाणात विश्वास ठेवलेला असतो. सर्व संदेश सर्वत्र नेणारा परावर्तक हा विश्वास संपूर्ण संस्थेवर पसरवतो. विभागणीसाठी उभारलेल्या भिंतीत पाडलेली ती खिडकीच असते आणि ती किती मोठी असावी, हे सेवायादी ठरवते. ‘सर्वांना परवानगी’ अशी यादी चाचणीपुरती लिहून तशीच सोडून दिली जाते, हा या मांडणीतील सर्वाधिक आढळणारा निष्काळजीपणा म्हणता येईल.

मोबाइल व लॅपटॉप पुष्कळदा मालकाच्या नावासह आपली घोषणा करतात. पाहुण्यांच्या वाय-फायवरील व्यक्तीला कर्मचाऱ्यांच्या नावांची यादी मिळणे कोणत्याही संस्थेला नको असते. उलट दिशेचा उपद्रव विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात व वर्गांत दिसतो: शेजारच्या वर्गाच्या पडद्यावर कोणीही काहीही दाखवू लागतो. यावर पडद्यावर उमटणारा सांकेतिक क्रमांक मागणे हा उपाय आहेच. अनेक वायरलेस कंट्रोलर त्यापलीकडे जाऊन जवळच्या ॲक्सेस पॉइंटच्या परिसरातील सेवाच दाखवतात, किंवा उपकरण ज्याच्या नावे नोंदलेले आहे त्यालाच ते दाखवतात.

दोषनिदान

तपासणी सेवेच्या बाजूने सुरू करावी लागते. प्रथम उपकरणाच्या स्वतःच्याच व्हीलॅनमध्ये संगणक जोडून घोषणा ऐकू येते का, हे पाहतात. मॅकवर ‘डीएनएस-एसडी’ आणि लिनक्सवर ‘अवाही-ब्राउझ’ ही आज्ञा त्यासाठी पुरते. तेथे ती नसेल तर गेटवेचा दोष नाही. ती असल्यास गेटवेच्या साठ्यात नोंद आली आहे का, हे बघावे. नसेल तर आतल्या दिशेची चाळणी किंवा वाय-फायवरील ग्राहक-विलगीकरण कारणीभूत असते. नोंद असूनही पलीकडे उत्तर जात नसेल, तर बाहेरची चाळणी तपासावी. आयजीएमपी स्नूपिंगवर संशय घेण्याची प्रथा आहे, परंतु २२४.०.०.० च्या गटातील पॅकेटे स्नूपिंग सुरू असतानाही सर्व पोर्टवर जावीत अशी आरएफसी ४५४१ ची शिफारस आहे. तरीही जुन्या किंवा स्वस्त स्विचमध्ये ती पाळलेली नसते.

फोनवरून चाचणी घेताना दोन गोष्टी फसवतात. आयओएस १४ पासून ॲपला स्थानिक नेटवर्कमधील उपकरणे शोधण्यासाठी वापरकर्त्याची परवानगी लागते. ती नाकारलेली असल्यास नेटवर्क निर्दोष असूनही यादी रिकामी राहते. याउलट काही उपकरणे ब्लूटूथनेही एकमेकांना ओळखतात, म्हणून गेटवे बंद असताना जवळचा पडदा दिसू शकतो व मांडणी यशस्वी झाल्याचा भास होतो.

एसएसडीपी

यूपीएनपी व डीएलएनए उपकरणांची शोधपद्धत वेगळी आहे. ती २३९.२५५.२५५.२५० हा पत्ता व यूडीपी पोर्ट १९०० वापरते. हा पत्ता स्थानिक दुव्याच्या राखीव गटातील नसल्याने टीटीएल पुरेसा असेल तर मल्टिकास्ट राउटिंगने तो पुढे नेता येतो. शोधाचे उत्तर मात्र मल्टिकास्टने न येता विचारणाऱ्याच्या पोर्टवर थेट येते, त्यामुळे फायरवॉलला ते अनाहूत वाटते. एमडीएनएस गेटवे सुरू केल्याने एसएसडीपीचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी वेगळी सोय लागते.

पुढील प्रमाणके

जून २०२० मधील आरएफसी ८७६६ ने ‘डिस्कव्हरी प्रॉक्सी’ची व्याख्या केली. या रचनेत प्रत्येक दुव्याला साध्या डीएनएसमधील एक उपक्षेत्र दिले जाते. संगणक त्या उपक्षेत्राची विचारणा नेहमीच्या डीएनएस पद्धतीने करतो, तेथील प्रॉक्सी त्याच्या वतीने स्थानिक एमडीएनएस विचारणा करते आणि मिळालेले उत्तर परत पाठवते. मल्टिकास्ट आपल्या दुव्यातच राहतो. त्याच महिन्यातील आरएफसी ८७६५ मध्ये नोंदी बदलल्यावर सर्व्हरने आपणहून कळवण्याची पद्धत दिली आहे.

सेवानोंदणी शिष्टाचार, अर्थात एसआरपी, आणखी पुढे जातो. त्यात उपकरण घोषणा न करता आपली सेवा सर्व्हरकडे नोंदवते. कमी विजेवर चालणाऱ्या थ्रेड नेटवर्कमधील संवेदक व कुलपे ही पद्धत वापरतात. सीमेवरील राउटर त्यांच्या नोंदी घेऊन वाय-फायच्या बाजूला एमडीएनएसने जाहीर करतो. मॅटर हे गृहोपकरणांचे प्रमाणकही शोधासाठी डीएनएस-एसडीवर अवलंबून आहे व त्याचा संवाद आयपीव्ही६ वर चालतो. म्हणून मॅटर उपकरणे वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवणाऱ्यास गेटवेबरोबरच दोन्ही व्हीलॅनमध्ये राउट होऊ शकणारे आयपीव्ही६ पत्ते पुरवावे लागतात.